मागून येणारा आवाज

१९ जानेवारी, रविवार

आज माझ्या मशीनने भर लग्नात माझी लाज काढली.

मुलुंडला नानांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता आणि पहिल्यांदाच साउंड माझा होता, म्हणजे मी बनवलेला डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर. त्यासाठी नाना पार्टीतल्या सगळ्यांशी भांडले. "भाड्याचा डबडा साउंड कशाला? माझी पोरगी अंधेरीच्या कंपनीत हेच काम करत होती. आता स्वतःचं मशीन काढलंय तिने. तेच लावायचं." नाना माझे वडील, पण पार्टीत ते मुख्य गायक. जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंत जयंती असो, लग्न असो, भीमगीतं म्हटलं की नानांनाच बोलावणं. त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

आणि मशीनने काय करावं? टक्. जरा वेळ ठीक, की पुन्हा टक्. नानांनी सूर लांबवला की त्याच्या पोटात टक्. ढोलकीवरचे धोंडिरामकाका दोन गाण्यांच्या मध्ये माझ्याकडे बघून ओरडले, "पोरी, तुझं मशीन गातंय का फुटाणे फोडतंय?" मांडव हसला. मी मिक्सरमागे खाली वाकून वायर तपासत असल्याचं नाटक केलं.

नानांनी माइकवरून सांभाळून घेतलं. "टाळ्या कमी पडल्या की आमचं मशीन स्वतः वाजवतं," म्हणाले. मग टाळ्या पडल्या.

येताना टेम्पोत सगळे माझी नजर टाळत होते. मी नोकरी सोडल्यापासून घरातही सगळे असेच करतात. एकटे नाना तेवढे म्हणाले, "होतं गं. पहिलं पोर रडतंच." मला ते ऐकून जास्तच राग आला.

२२ जानेवारी, बुधवार

साकीनाक्याच्या माझ्या गाळ्यात तीन दिवस डोकं फोडलं आणि टक्‌चं कारण सापडलं.

मिक्सरमध्ये एक घड्याळ आहे आणि माझ्या मशीनमध्ये दुसरं. डिजिटल वायरमधून आवाज जात नाही, आकडे जातात. पुढचा आकडा कधी द्यायचा हे मिक्सरचं घड्याळ ठरवतं, कधी घ्यायचा हे माझं. मिक्सरचं घड्याळ किंचित पुढे पळतं, केसभर. पण तेवढं पुरतं. मध्ये आकडे साठवायला मी लहानशी जागा ठेवली होती, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखी. मोटर जोरात आणि नळ बारीक असला की टाकी वाहणारच. वाहिली की थोडं गाणं सांडतं. तेच टक्.

उपाय दोन. पहिला म्हणजे माझ्या मशीनने आपलं घड्याळ बाजूला ठेवून मिक्सरच्या घड्याळामागे चालायचं. सगळे तसंच करतात. बोर्डवर सोयही आहे. पण पार्टीचा मिक्सर स्वस्तातला, त्याचं घड्याळ थरथरतं, आणि ती थरथर आवाजात उतरते. मग मी घड्याळासाठी एवढा भारी क्रिस्टल शोधून शोधून बसवला तो काय पूजेला? कंपनीत इतकी वर्षं दुसऱ्याच्या घड्याळावर नाचले. आता बस.

दुसरा उपाय, टाकी मोठी करायची. एवढी मोठी, की आख्खा कार्यक्रम संपला तरी भरणार नाही. मशीन बंद केलं की टाकी रिकामी, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. टाकी जसजशी भरेल तसं गाणं तिच्यात जरा थांबून बाहेर पडेल खरं, पण पडेल ते सगळं बरोबरच पडेल, गळा, पेटी, ढोलकी. ऐकणाऱ्याला काय कळणार? कुणाला गाडी पकडायचीय?

टाकी मोठी केली.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी मशीन लावलं ते संध्याकाळपर्यंत चालू ठेवलं. फोनवरून गाणी, गाण्यांवर गाणी. एक टक् नाही! आवाज इतका स्वच्छ की पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येतो.

दुपारी नाना डबा घेऊन आले. त्यांच्याच आवाजातलं जुनं रेकॉर्डिंग लावलं. स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "हा मी आहे? मी एवढा चांगला गातो?" मी म्हटलं, "मशीन चांगलं आहे." खूप हसले. चौदा एप्रिलला वस्तीच्या मैदानात जयंतीचा मोठा कार्यक्रम असतो, तिथे याच मशीनवर नवीन गाणं म्हणायचंय त्यांना. गाणं त्यांनी स्वतः रचलंय, पहिली ओळ मला म्हणून दाखवली. 'तुझ्या एका सहीनं, बाबा, माझ्या पाटीवर आलं नाव.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते सोल्डरिंगच्या धुरावर ढकललं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रमाई जयंती. जोगेश्वरीचं मैदान भरलेलं. मशीन झकास! एकदाही टक् नाही. मी मैदानाच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी उभी होते, तिथवर आवाज काचेसारखा येत होता. दोन अनोळखी माणसं येऊन विचारून गेली, हा साउंड कुणाचा. मी कॉलर ताठ करून सांगितलं, माझा.

पण नानांचं आज काहीतरी बिनसलं. सुरुवात नेहमीसारखी, पहिल्या दोन गाण्यांना लोक उभे राहिले. मग कडेच्या टेबलावरून पाहुण्यांची भाषणं झाली, ती संपता संपेनात. त्यानंतरच्या गाण्यांत नाना मागे पडायला लागले. ओळ लांबवायची सवय आहे त्यांना, पण ही ती नव्हती. ओळ संपवून ते थांबायचे, जणू काही आठवतायत, तोवर ढोलकी पुढे गेलेली. धोंडिरामकाका डोळे वटारत होते. ते हातावर वाजवतात, खाली मान घालून, त्यांना कुणाच्या आवाजाची गरज लागत नाही.

आई, म्हणजे आमच्या सोनूबाई, बायकांच्या रांगेतून उठून माझ्याकडे आली. "काय होतंय गं यांना?" मी म्हटलं, दमले असतील, भाषणांनी मला पण झोप आली.

८ फेब्रुवारी, शनिवार

नाना चहा पिताना म्हणाले, "चेतना, काल मला माझाच आवाज मागून येत होता गं. मी ओळ सोडतो, आणि मग समोरच्या डब्यातून कुणीतरी तीच ओळ म्हणतंय. त्याच्यासाठी थांबावं तर धोंडिराम पुढं, धोंडिरामबरोबर जावं तर तो मागं ओढतोय."

समोरचा डबा म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या तोंडासमोर ठेवतो तो छोटा स्पीकर. तोही माझ्याच मशीनवर चालतो. मी सांगितलं, नाना, मैदानाला लागून उंच बिल्डिंग झालीय, तिच्यावर आपटून आवाज परत येतो. शिवाय तुमचं वय.

"असेल," म्हणाले. मी इंजिनीअर आहे म्हटल्यावर त्यांच्या लेखी विषय तिथेच संपतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

दहिसरला नामकरणाचा कार्यक्रम, नदीजवळच्या चाळीत. इथे उंच बिल्डिंग नाही, तरी तेच! सुरुवातीला नाना ठीक, तासाभराने लय ढिली. कोरसवाले एकमेकांकडे बघायला लागले.

मग लाइट गेली. सगळे अंधारात घाम पुसत बसले, नाना पाणी प्यायले, आई पदराने वारा घालत होती. लाइट आली, मी मशीन चालू केलं, आणि नाना असे गायले म्हणता! विशीतले नाना! ढोलकीच्या अंगाला अंग लावून. धोंडिरामकाकांनी मान डोलवली, बाळाची आजी नाचली.

शेवटी शेवटी पुन्हा विस्कटलं.

मला आता चित्र स्पष्ट दिसतंय. जरा विसावा मिळाला की गाडी रुळावर येते, ताण पडला की घसरते. वय, दुसरं काही नाही. वाईट वाटतं, पण डोळे झाकून काय होणार? मशीनमध्ये हवा तेवढा बदल करता येतो, माणसात कुठून करणार?

३ मार्च, सोमवार

नानांना अंधेरीला डॉक्टरकडे नेलं. कान वयाच्या मानाने उत्तम. साखर थोडी वर. मग डॉक्टरीणबाईंनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली. आजची तारीख सांगा, शंभरातून सात सात वजा करत जा, घड्याळाचं चित्र काढा. नानांनी सगळं बरोबर केलं, पण करताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. परीक्षेला बसवलेल्या मुलासारखे पेन्सिल घट्ट धरून बसले होते. बाई म्हणाल्या, तसं काही दिसत नाही, पण सुरुवात असू शकते, लक्ष ठेवा.

घरी येईपर्यंत नाना तोंडातल्या तोंडात शंभरातून सात सात वजा करत होते.

आईचं म्हणणं वेगळंच. "घरात रोज सकाळी म्हणतात, मी भाकऱ्या थापता थापता ऐकते. एकदाही चुकत नाहीत गं." मी म्हटलं, आई, घरात काय, घरात सगळेच गातात. स्टेजवर कस लागतो.

९ मार्च, रविवार

हे लिहायला नको वाटतंय.

घाटकोपरला सामना होता. म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर, एकीने गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जवाब द्यायचा. नानांनी आयुष्यात किती सामने मारले असतील. आज समोर विक्रोळीकडची पार्टी, तिचा गायक नंदकुमार. एकच साउंड दोन्ही पार्ट्यांना, तो माझा. नंदकुमार कधी समोर बघून गात नाही. माइक काढून स्टेजभर हिंडतो, लोकांत उतरतो. नाना जुन्या वळणाचे, माइकच्या दांड्यापुढे, डब्यासमोर, एका जागी उभे.

दुसऱ्या फेरीत नाना लागले मागे पडायला. तिसऱ्या फेरीत एक कडवं ढोलकीच्या इतकं मागे गेलं की कोरसने अर्ध्यातच तोंड मिटलं. नाना ढोलकीकडे बघतायत, डब्याकडे बघतायत. त्यांनी माइकवर हात ठेवून धोंडिरामकाकांना काही सांगितलं आणि डब्याकडे बोट केलं. झालं! नंदकुमारने ते पकडलं. माइकवर म्हणाला, "काय नाना, नाचता येईना अंगण वाकडं?" सगळं मैदान फुटलं हसून.

नाना त्या गाण्याच्या मधूनच उतरले. मागच्या बाजूने, जिथे जनरेटर ठेवतात तिथून.

मी मिक्सरपाशी होते. एका माणसाने मला अंगठा दाखवला, साउंड एक नंबर म्हणून. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, का ते माहीत नाही.

१६ मार्च, रविवार

विहारात पार्टीची बैठक झाली. चौदा एप्रिलला मुख्य गायक कोण, एवढाच विषय. सगळे सतरंजीकडे बघत बसले. नाना माझ्या शेजारी.

शेवटी मीच बोलले. कोणीतरी बोलायलाच हवं होतं ना? म्हटलं, आकाशला गाऊ द्या यंदा. आकाश माझा चुलतभाऊ, मोबाइलवर ट्रॅक लावतो, कानात इअरफोनची बोंडं घालून गातो. संगीत सगळं ट्रॅकमध्ये तयार असतं, त्याला ना ढोलकी लागते ना डबा. लयीत चुकायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, नानांना त्रास होतो, उगाच लोकांपुढे हसं नको.

हसं हा शब्द वापरायला नको होता.

नाना म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. तिला मागनं सगळं ऐकू येतं, तिलाच कळणार." मग आकाशच्या पाठीवर थाप मारली, "जोरात म्हण. सूर ओढू नकोस." आकाश पाया पडला. धोंडिरामकाका चप्पल शोधायला म्हणून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कोण म्हणालं आकाशचं नाव?" मी आंघोळीला निघून गेले.

३० मार्च

नाना सकाळचं म्हणत नाहीत आता. मी विचारलं, घसा बरा नाही का? म्हणाले, बरा आहे. आई भाकऱ्या थापते तो आवाज इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं.

मशीनची तीन गिऱ्हाइकं आली आहेत. आनंद व्हायला हवा. होत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती, निळे झेंडे, पोरं, म्हाताऱ्या, सगळी वस्ती. आकाश बरा गायला. बरा. नानांचं नवीन गाणं कोणीच म्हटलं नाही, कारण ते ट्रॅकवर नाही. नाना घरी होते. पाय दुखतोय म्हणाले.

कार्यक्रम संपत आला तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर कोणीतरी टेम्पो आडवा लावला होता आणि रुग्णवाहिकेला वाट हवी होती. निवेदक कडेचा माइक बंद करून जेवायला गेलेला. एक जण ओरडला, "ताई, तूच सांग माइकवर!" मी पळत स्टेजवर चढले, दांड्यावरच्या माइकपुढे, डब्यासमोर, आणि बोलायला लागले. "जयभीम. रस्त्यावर जो टेम्पो..."

आणि माझी जीभ अडकली.

समोरच्या डब्यातून कोणीतरी म्हणत होतं, जयभीम. मी पुढचा शब्द घेतला तर ते म्हणत होतं, रस्त्यावर. मी थांबले, तेही बोलून थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळले, दारू प्यायल्यासारखे शब्द ओढले जात होते माझे. पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मी, जी कंपनीत पन्नास जणांपुढे फडाफडा बोलायची, मला एक टेम्पोचा नंबर सांगता येईना.

माझाच आवाज मागून येत होता.

कसंबसं सांगून उतरले आणि जनरेटरच्या मागे जाऊन बसले. टाकी. माझी टाकी. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा ती जवळपास रिकामी असते, गाणं आलं की लगेच बाहेर. तासागणिक ती भरत जाते आणि गाणं जास्त जास्त थांबत जातं. लाइट गेली की रिकामी होते. दहिसरला लाइट गेल्यावर नाना विशीतले झाले ते पाणी प्यायल्याने नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते, तिथे गळा न् ढोलकी बरोबरच पोचायचे, मला सगळं गोड. नंदकुमार डब्यापासून लांब हिंडत होता म्हणून सुटला. आकाशच्या कानात बोंडं, तो सुटला. राहिले एकटे नाना, रात्र चढेल तसा उशिरा उशिरा येणारा स्वतःचाच आवाज तोंडावर झेलत.

आणि मी मशीन तपासलं कशावर? रेकॉर्डिंगवर! गाण्यांवर गाणी लावली, दिवसभर. एकदा, एकदा तरी माइक हातात घेऊन मी त्यात हॅलो म्हटलं असतं!

अंगण वाकडंच होतं. ते मी सारवलं होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

बोर्डवरची सोय वापरली. माझं मशीन आता मिक्सरच्या घड्याळामागे चालतं. टाकी इतकी लहान की बोललं आणि ऐकलं यात फरक कळत नाही. टक् नाही. आणि ज्या थरथरीला मी एवढी भ्याले होते ती मी कान लावून लावून शोधली. ऐकू येत नाही. कुणालाच येणार नाही. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

धोंडिरामकाकांना फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी नाना मला सांगत होते ते खरं होतं. आणि मी वाजवत गेलो." फोन ठेवला.

पार्टीतल्या बाकीच्यांना सांगायला विहारात गेले. आकाश म्हणाला, "ताई, समजतं गं. बाप आहे. पण असं मशीनवर ढकलून आता काय?" बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं ते सुतकात बघतात तसं. मी चिडले, ओरडले, टाकीचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं. कोणीतरी पाणी आणून दिलं मला.

२० एप्रिल, रविवार

नानांना गाळ्यावर आणलं. धोंडिरामकाका ढोलकी घेऊन आधीच आले होते.

मी सरळ सांगितलं. "नाना, तुमची लय गेली नव्हती. चूक माझी होती. मशीन आवाज उशिरा देत होतं, मी तुमचं ऐकलं नाही, डॉक्टरकडे नेलं, बैठकीत आकाशचं नाव मी घेतलं. मला माफ करा." बोलता बोलता रडले.

नानांनी रुमाल दिला. "धोंडिरामने शिकवलं का गं हे बोलायला? मशीन चुकलं असतं तर एवढी माणसं नावाजून कशी गेली असती? तू आता बापासाठी खोटं बोलायला लागलीस."

"नाना, शपथ."

"शपथा घालू नकोस."

मी म्हटलं, मग गाऊन बघा. एवढंच करा. आता दुरुस्त केलंय.

नाना माइकपुढे उभे राहिले. समोर डबा. ढोलकी सुरू झाली. पहिली ओळ लागली, अशी लागली की काकांनी डोळे मिटून घेतले, आणि मला वाटलं, सुटलो. मग ओळ संपली आणि नानांनी मान किंचित तिरकी केली. डब्याकडे. मागून येणाऱ्या आवाजाची ते वाट बघत होते. तो आला नाही, येणारच नव्हता. पण ते थांबले. तेवढ्यात ढोलकी पुढे गेली. पुढची ओळ घाईने पकडली, तिच्या शेवटी पुन्हा मान तिरकी. पुन्हा मागे. काकांनी वेग कमी करून सांभाळायचा प्रयत्न केला, तो नानांच्या लक्षात आला, आणि त्याने तर सगळंच गेलं.

मी म्हटलं, डबा बंद करते, डब्याशिवाय म्हणा. तसं म्हटलं. तरीही मान तिरकी. भिंतीकडे, दाराकडे, कुठूनही येईल म्हणून.

दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी माइक हळूच बंद केला.

"बघितलंस? आता तर तू दुरुस्त केलंयस ना?"

मशीन खरंच दुरुस्त होतं.

चपला घालताना माझा हात धरून बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "विहारात तू ओरडलीस म्हणे. असं लोकांत बोलू नकोस गं. मशीनमध्ये खोट आहे हे एकदा पसरलं की कोण लावेल ते? तुझं आत्ता कुठं सुरू होतंय. माझं काय, माझं गाऊन झालंय."

धोंडिरामकाका ढोलकीला गवसणी घालत होते. त्यांना ती नीट घालता येत नव्हती.

४ मे, रविवार

आई माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. मी तिला सगळं सांगितलं त्या दिवशी तिने एकच म्हटलं, "मी म्हटलं होतं, घरात चुकत नाहीत." आता घरातही म्हणत नाहीत. आंघोळीला गेल्यावर गुणगुणायचे, तेही नाही.

रोज एकदा तरी विषय काढते. नाना, थोडं म्हणा ना. ते म्हणतात, "होय, म्हणू," आणि पेपर उघडतात.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारासमोर कार्यक्रम, आकाश गायला, साउंड माझा. नानांना आईने जवळजवळ ओढूनच आणलं. पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले.

मी मिक्सर दुसऱ्याच्या हाती दिला आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसले. आकाशचं गाणं चालू होतं. मी खाली पाहिलं तर नानांचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता. समेला थाप, कडवं बदललं की बोटं बदलायची, आकाश एका जागी घाईत ओळ आधी घेऊन बसला तिथेही हात हलला नाही, ताल सोडला नाही. कडव्यामागून कडवं. मी बघत राहिले. त्यांना स्वतःला माहीत नव्हतं हात चाललाय ते.

मला राहवलं नाही. मी कानाशी वाकून म्हटलं, "नाना, बघा ना, ताल धरलाय तुम्ही. एकदाही चुकला नाही."

त्यांनी दचकून हाताकडे पाहिलं. हात तिथेच थांबला. मग इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना. "सवय असते गं," म्हणाले, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. कार्यक्रम संपेपर्यंत काढले नाहीत, शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हाही नाही.